शून्य गेजची गाडी

चंद्रपुरात ऑटोवाल्याला नुसतं "स्टेशनवर घ्या" म्हणून बघा. तो किल्ली फिरवायच्या आधी मान फिरवेल. "कोणतं? चंद्रपूर, का चांदा फोर्ट?"

बाहेरगावचा माणूस इथेच अडखळतो. 2011 च्या जनगणनेत या शहरात 3 लाख 20 हजार माणसं भरली. मुंबईच्या एका उपनगरात सहज हरवून जाईल एवढं हे गाव. त्याला दोन स्टेशनं कशाला? आणि असलीच तर त्यांचं एकमेकांशी पटत का नाही? दोन्ही स्टेशनांमधलं अंतर सायकलवर वीसेक मिनिटांचं. पण हट्टानं रेल्वेनंच जायचं म्हटलंत, तर एका स्टेशनातून दक्षिणेला सुमारे 14 किलोमीटर बल्लारशाह गाठा, तिथे गाडी बदला आणि दुसऱ्या फाट्यानं तेवढंच अंतर उलटं या. शेजारच्या घरी जायला तालुक्याच्या गावावरून वळसा!

तेव्हा सायकलच काढू. चंद्रपुरात मे महिना असेल तर पहाटे सहाच्या आत, नाहीतर हँडलला हात लावणंही शिक्षा.

निघण्याआधी चंद्रपूर स्टेशनाचा रेल्वेतला कोड बघून घ्या: सी डी. ही अक्षरं कुठून आली? ती चांद्यातली आहेत. 1964 मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं, फलक बदलले, शिक्के बदलले, पण तिकिटावरची दोन अक्षरं जुन्याच नावानं हाक मारत राहिली. हे स्टेशन मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं. आणि चांदा फोर्ट? तेही नागपूर विभागातच. फक्त तो नागपूर विभाग वेगळा. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, म्हणजे ज्याचं मुख्यालय बिलासपूरला आहे त्या रेल्वेचा. एकाच नागपुरात दोन रेल्वेंचे दोन नागपूर विभाग नांदतात, आणि चांद्यात त्यांची एकेक ओसरी आहे. एका ओसरीवरचा मालक मुंबईकडे बघतो, दुसरीवरचा छत्तीसगडकडे.

हे भांडण सरकारी वाटतं, पण त्याचं मूळ जमिनीखाली आहे. कोळशात.

आपल्या पायाखाली जो कोळसा आहे तो पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तेव्हा ना डायनासोर होते ना फुलं. दलदलीत जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं वाढत होती. त्यांचं नाव ग्लॉसोप्टेरिस. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सोळाएक किलो दगड सापडले. मरणाच्या दारातही त्यांनी टाकले नव्हते. त्या दगडांत याच झाडाच्या पानांचे ठसे होते! अंटार्क्टिका आणि भारत एकदा एकाच भूखंडात होते याचा हा पुरावा. आणि त्या भूखंडाचं नाव काय? गोंडवन. ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड सूस या भूवैज्ञानिकानं ते रूढ केलं, आणि ते आलं मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. हाच तो मुलूख, आणि चांदा ही त्याची एक राजधानी. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया या सगळ्यांच्या भूगोलाच्या पुस्तकांत आपल्या गोंडांचं नाव छापलेलं असतं, आणि आपण मात्र गोंडवन म्हटलं की नागपूरपलीकडचं जंगल एवढंच समजतो.

तर या कोळशासाठी 1870 च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ आले. ते पुढे चांदा, बल्लारशाह असे सरकले आणि 1929 मध्ये काझीपेटची जोडणी झाल्यावर दिल्ली-मद्रास हा थेट रस्ताच इथून उघडला. ही झाली मोठ्या मापाची रेल्वे. दरम्यान पलीकडून, गोंदिया-नागभीडच्या जंगलातून, बंगाल नागपूर रेल्वे नावाची दुसरी कंपनी आपली छोटी गाडी हलवत डुलवत चांद्याला घेऊन आली.

आता दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, मोजा. मोठ्या गाडीचं 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. बेताच्या उंचीचा माणूस दोन रुळांच्या मधे आडवा मावेल. छोट्या गाडीचं 762 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलाची जेवढी उंची तेवढंच. छोटं माप स्वस्त पडतं, झाडाझुडपांतून आखूड वळणं घेतं, पूल बारके चालतात. कंपनीचा हिशेब चोख होता. पण एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चढत नाही, काही केल्या नाही. मग गोंदियाला छोट्या डब्यातलं पोतं हमालाच्या पाठीवर, आणि पाठीवरून मोठ्या डब्यात. कल्पना करा, वाफेच्या इंजिनानं शेकडो किलोमीटर ओढून आणलेला माल शेवटच्या दहा पावलांसाठी माणसाच्या मणक्यावर यायचा.

आणि चांद्यात दोन्ही रेल्वे शहराच्या दोन बाजूंना थांबल्या. आत कुणीच शिरलं नाही. मधे होती भिंत.

सायकल आता त्या भिंतीकडेच वळवू. सरळ रस्ता सोडून जटपुरा गेटमधून जाऊ, कारण त्याशिवाय चांद्याला आल्यासारखं वाटत नाही. सुमारे 11 किलोमीटरचा हा परकोट, चार मुख्य दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. त्याची आखणी कुणी केली? दंतकथा सांगते, सशानं. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला गेला, तहानेनं झरपटच्या कोरड्या पात्रात पाणी शोधलं, त्या पाण्यानं त्याच्या अंगावरचे फोड बरे झाले. पुढे त्याच जागी त्यानं उलटंच दृश्य पाहिलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करत होता! ज्या वाटेनं ससा धावला त्या वाटेनं भिंत बांधली गेली म्हणतात. खरं-खोटं ससा जाणे. पण परकोटाच्या कडेनं सायकल हाणून बघा. ती भिंत जिथे जिथे कारण नसताना वळते, तिथे तिथे सशावर विश्वास बसतो.

जटपुरा गेटमधली गर्दी म्हणजे सायकलवाल्याची परीक्षा. समोरून ऑटो, डावीकडे हातगाडी, उजवीकडे शांत चित्तानं उभी असलेली गाय. तुम्ही उजवीकडे वळता आणि सुटता. काय केलंत नेमकं? हँडल उजवीकडे फिरवलंत म्हणाल. चूक! क्षणभर आधी तुम्ही ते डावीकडे ढकललंत. तेवढ्यानं चाकं डावीकडे सरकली, तुमचं अंग उजवीकडे कललं, आणि मग वळण मिळालं. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तुम्हाला ठाऊकही नाही. वडिलांनी मागचं कॅरिअर सोडलं त्या दिवसापासून तुमचे हात ते गुपचूप करत आलेत.

त्याहून मोठं कोडं म्हणजे सायकल मुळात उभी का राहते? जमिनीला टेकलेला भाग म्हणजे दोन अंगठ्यांएवढ्या दोन जागा. त्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस. झाडू तळहातावर उभा धरून बघा. तो ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला हात न्यावा लागतो. चालती सायकल हेच स्वतः करते. डावीकडे कलली की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळतं आणि कलत्या अंगाखाली जाऊन उभं राहतं. अनेकांची समजूत होती की फिरणाऱ्या चाकांची भोवऱ्यासारखी ताकद तिला सावरते. 2011 मध्ये नेदरलंड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक विचित्र सायकल बनवली. तिच्यातला भोवऱ्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी पुसून टाकला आणि पुढच्या चाकाच्या ठेवणीतला नेहमीचा आधारही काढून घेतला. ढकलून दिली, तर ती बिनमाणसाची, निवांत चालत राहिली! शतकभर रस्त्यावर धावणारी वस्तू, आणि ती का पडत नाही याबद्दल शहाण्यांना अजून धक्के बसत होते.

गांधी चौक मागे टाकून आपण परकोटाबाहेर, मूल रोडकडे लागलो. दम लागला? फारसा नाही. या सगळ्या प्रवासाला साधारण एका पोळीएवढी ऊर्जा लागली. तेच अंतर चालत गेला असतात तर दोन-अडीच पोळ्या. साध्या माणसाला पायडलवर बराच वेळ सांभाळता येते ती ताकद शंभर वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. शहराच्या उत्तरेला दुर्गापूर-ऊर्जानगरच्या ज्या चिमण्या दिसतात, त्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. आता भागाकार करा. त्याची बरोबरी करायला 2 कोटी 92 लाख माणसांनी एकाच वेळी, रात्रंदिवस, न थांबता पायडल मारायला हवं. 2011 च्या महाराष्ट्रातलं दर चार माणसांमागचं एक, तान्ह्या बाळांसकट! ग्लॉसोप्टेरिसच्या पानांनी साठवलेलं ऊन किती होतं, याचा अंदाज मला या हिशेबानं पहिल्यांदा आला.

आणि हे आलं चांदा फोर्ट. नावात फोर्ट, पण किल्ल्याबाहेर! छोटी गाडी इथून गेली. नव्वदच्या दशकात या मार्गावर मोठं माप आलं आणि जंगलातली ही वाट बिलासपूरकडून दक्षिणेत उतरणाऱ्या एक्स्प्रेसचा जवळचा रस्ता झाली. आता दोन्ही स्टेशनांचं गेज एकच, 1676. तरी त्या दोघांना जोडायला मधे आहे ती तुमची सायकल. तिचं गेज किती? मोजायला दोन रूळ लागतात, आणि ही तर एकाच रेषेवर चालते. मागचं चाक पुढच्याच चाकाच्या मागावर. म्हणजे शून्य.

इथून गोंदियाची गाडी पकडलीत तर मूल, सिंदेवाही, नागभीड मागे टाकत वडसा येतं. खाली उतरलात की गडचिरोली जिल्हा. 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा निघालेला हा जिल्हा 14 हजार चौरस किलोमीटरचा. त्यात जवळपास चार गोवे मावतील, आणि एवढ्या मुलखाला वर्षानुवर्षं स्टेशन हे एकच, वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंत सुमारे 52 किलोमीटरचा रूळ टाकायचं काम हाती घेतलं आहे.

सायकल त्या मुलखात कधीच पोचली. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. धानाच्या दोन बांध्यांमधला धुरा जेमतेम हातभर रुंद असतो. 762 चा रूळसुद्धा त्यावर मावणार नाही. सकाळी शाळेच्या वेळी त्या धुऱ्यावरून, दप्तर कॅरिअरला लावून, एकामागे एक मुली येतात, आणि चिखलात एकच रेघ उठते.