शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत पंच काय पाहतात?

कुस्तीच्या मैदानावरून परतताना निकालाविषयी सहसा भांडण होत नाही. पैलवानाची पाठ मातीला लागली की ती हजारो डोळ्यांना एकदमच दिसते. पंचाने शिट्टी वाजविली काय आणि न वाजविली काय, निकाल लागलेलाच असतो. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेचे तसे नाही. मंडपातून बाहेर पडणारे निम्मे लोक तरी एकच प्रश्न विचारीत असतात : "तो एवढा धिप्पाड गडी, त्याचा दंड आपल्या मांडीएवढा, मग पहिला नंबर त्या बारक्याला कसा दिला?" आणि गर्दीत ह्या प्रश्नाचे जे उत्तर आपोआप तयार होते, ते बहुधा पंचांच्या प्रामाणिकपणालाच धक्का लावणारे असते. आम्ही काही वर्षे पंचांच्या टेबलाशी बसलो आहोत. पक्षपात कधी होतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुष्कळदा भांडणाचे मूळ इतकेच असते की प्रेक्षक एक गोष्ट पाहत असतात आणि पंच दुसरीच.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ह्या स्पर्धेत ताकद मोजली जात नाही. भारोत्तोलन वेगळे, हे वेगळे. इथे कोणी काही उचलून दाखवीत नाही. दंडाला किंवा छातीला फीतही लावीत नाहीत. मोजतात ते फक्त वजन, आणि तेही गट ठरविण्यापुरते. आपल्याकडील जिल्ह्याच्या वा शहराच्या स्पर्धांत ५५ किलो, ६० किलो, ६५ किलो असे पाच-पाच किलोंच्या अंतराने गट पाडतात. वजनकाट्यावर अर्धा किलो जास्त भरला तर गडी वरच्या गटात जातो, आणि तेथे त्याची गाठ आपल्याहून जड मंडळींशी पडते. म्हणून आदल्या दिवशी काट्याभोवती जो शुकशुकाट आणि जी कोरड्या ओठांची माणसे दिसतात, त्यांना कारण आहे. त्याकडे आम्ही पुढे वळूच.

गटातले खेळाडू एका ओळीत उभे राहतात. चड्डीवर क्रमांकाचा बिल्ला असतो, अंगावर दागिना नसतो. अंगाला तो गडद रंग का फासतात, हे अनेकांना कोडे वाटते. प्रखर दिव्यांखाली उजळ कातडीवरच्या सावल्या पुसल्या जातात, आणि पंच पाहतो त्या सावल्याच! दोन स्नायूंमधली खाच ही सावलीवाचून दिसत नाही. तेल थोडके असेल तर उपकार करते. फार झाले की अंग नुसते चकाकते आणि खाचा बुजून जातात.

मग पंचप्रमुख 'उजवीकडे वळा' असे सांगत जातो. समोरून, एका बाजूने, पाठीकडून, दुसऱ्या बाजूने, असे चार वेळा खेळाडू सरळ उभे असतात. प्रेक्षकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. पंचाचा निम्मा निर्णय मात्र येथेच होऊन जातो, कारण येथे बांधा दिसतो : खांद्यांच्या मानाने कंबर किती बारीक, धडाच्या मानाने पाय किती भरलेले, डावे-उजवे सारखे आहे की नाही. व्यायामशाळेत आरशासमोर उभे राहून आरशात दिसेल तेवढेच कमावणारे पुष्कळ असतात. छाती आणि दंड डोळ्यांत भरण्यासारखे, आणि खाली पोटऱ्या मात्र काठीसारख्या! 'सरळ उभे राहा' म्हटल्याबरोबर असा गडी उघडा पडतो.

त्यानंतर ठरावीक पवित्रे येतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पुरुषांसाठी ते सात आहेत. समोरून दोन्ही दंड वळवून दाखविणे, कमरेवर मुठी टेकून पाठीचे पंख पसरणे, एका बाजूने छाती, पाठमोरे होऊन पुन्हा दोन्ही दंड, पाठमोरेच पंख, बाजूने दंडाचा मागचा स्नायू, ज्याला आखाड्यातली पोरेही आता ट्रायसेप्सच म्हणतात, आणि शेवटी हात डोक्यामागे घेऊन पोट व मांडी. प्रत्येक पवित्रा एका भागाच्या नावाने ओळखला जातो, पण पंच त्या भागावर थांबत नाही. पाठमोरा गडी दंड वळवतो तेव्हा एक पाय मागे घेऊन चवड्यावर उभा राहतो. प्रेक्षक टाळ्या देतात दंडाला. जाणता पंच खालून सुरुवात करतो. पोटरी, मांडीची मागची बाजू, कंबर, मग पाठ, आणि दंड अगदी शेवटी. पुढून सारखे दिसणारे दोघे पाठ फिरवताच वेगळे होतात. आमच्यात एक जुने पंच आम्हांला सांगत, की निकाल पाठीवर लिहिलेला असतो.

पंचाच्या मनात तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात : स्नायूंची पुष्टता, प्रमाणबद्धता, आणि रेखीवपणा. ह्या तिसऱ्याला व्यायामशाळेत 'कटिंग' म्हणतात. कातडीखाली चरबीचा आणि पाण्याचा थर जितका पातळ, तितका स्नायूचा धागा न् धागा मोकळा दिसतो. तो धिप्पाड गडी हरतो तो बहुधा येथे. त्याच्या अंगावर मांस आहे, पण त्यावर एक मऊ थर आहे. पन्नास पावलांवरून तो थर दिसत नाही, पंधरा पावलांवरून दिसतो. बारक्याचे अंग मात्र कोरलेले असते.

आता अंकांकडे येऊ. पंच शंभरापैकी गुण देतात अशी समजूत आहे, ती चूक आहे. पंच क्रम लावतो. सर्वोत्कृष्टाला १, त्याच्या खालच्याला २, ह्याप्रमाणे. दोघांना एकच क्रमांक देता येत नाही. ह्यासाठी तो मनातल्या कुठल्या आदर्शाशी नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या गड्याशी तुलना करतो. म्हणूनच तिघा-चौघांना पुढे बोलावून तेच पवित्रे पुन्हा करवितात आणि त्यांच्या जागा बदलतात. ज्यांना पहिल्यांदा पुढे बोलावले, त्यांच्यातच बहुधा पहिला नंबर असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी प्रेक्षकाला निकालाचा अंदाज येऊ लागेल.

क्रमांकांची बेरीज करतात आणि जिची बेरीज कमी तो वर. पण त्याआधी एक गंमत असते. समजा सात पंच आहेत. एका गड्याला त्यांनी १, १, २, १, ५, २, १ असे क्रमांक दिले. दुसऱ्याला २, २, १, २, १, १, २. सरळ बेरीज केली तर पहिल्याची १३ आणि दुसऱ्याची ११, म्हणजे दुसरा जिंकला. परंतु नियमाप्रमाणे प्रत्येकाचा एक सर्वांत वरचा आणि एक सर्वांत खालचा क्रमांक वगळतात. मग पहिल्याचे उरतात ७ आणि दुसऱ्याचे ८. एका पंचाने, लोभाने म्हणा की डुलकीने म्हणा, दिलेला तो ५ वाया गेला. पंच नऊ असतील तर दोन्हीकडचे दोन-दोन वगळतात. ह्या साध्या युक्तीने किती अन्याय टळले असतील, देव जाणे.

संध्याकाळी संगीताच्या तालावर जे मुक्त प्रदर्शन होते, ते बहुतेक मिनिटभराचे असते. लोक त्यासाठीच येतात आणि त्यात सौंदर्य आहेच; परंतु क्रम पुष्कळसा दुपारीच ठरलेला असतो.

ही पाहण्याची रीत आली कोठून? १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडो ह्या प्रसिद्ध मल्लाने एक मोठी स्पर्धा भरविली. हाच सँडो पुढे हिंदुस्थानातही खेळ करून गेला. इंग्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतून निवडलेले सुमारे साठ तरुण त्या रात्री बिबट्याची कातडी लावून रांगेने उभे राहिले. पंच म्हणून सँडोने बोलाविले एका मूर्तिकाराला, सर चार्ल्स लॉज ह्यांना. आणि त्यांच्या जोडीला आर्थर कॉनन डॉइल, म्हणजे शेरलॉक होम्सचे जनक! मूर्तिकाराला बोलावण्यात सँडोचा हेतू उघड आहे. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे त्यात पहिला आला. सर्वांत मोठे स्नायू असणाऱ्याला बक्षीस मिळणार नाही, हे सँडोने आधीच बजावले होते. त्याच्या कसोट्यांत शरीराची एकंदर वाढ आणि तिचा समतोल तर होताच. पण स्नायूंची अवस्था, कातडीची अवस्था आणि सर्वसाधारण प्रकृती ह्याही होत्या.

प्रकृती! हा शब्द आजच्या पंचाच्या कागदावर नाही. लंडनच्याच रंगमंचावर १९५१ साली मनोतोष रॉय आणि १९५२ साली अवघे चार फूट अकरा इंच उंचीचे मनोहर आईच हे बंगालचे दोघे आपापल्या उंचीच्या गटात विश्वश्री झाले. आईच १०४ वर्षांचे होऊन २०१६ साली वारले. त्यांची त्या वेळची छायाचित्रे पाहिली, तर शरीर भरदार आहे, पण आजच्या अर्थाने ते 'कोरडे' नाही. पुढे कोरडेपणाला भाव चढत गेला, आणि पंच ज्याला वरचा क्रमांक देतात तेच खेळाडू कमावतो. शेवटच्या दिवसांत पाणी तोडायचे, मीठ तोडायचे, आणि काहींच्या बाबतीत लघवी होण्याची औषधे घ्यायची, ही वाट तेथूनच निघाली. अशा औषधांनी पाण्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षारही जातात, आणि हृदयाचा ठोका त्या क्षारांवर चालतो. १९९२ च्या ऑक्टोबरात मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित खेळाडू हॉलंडमधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांतच मरण पावला. स्नायू वाढविणाऱ्या संप्रेरकांचा प्रश्न तर निराळाच आहे. काही स्पर्धांत त्यांची चाचणी होते, पुष्कळ ठिकाणी होत नाही. अलीकडे 'क्लासिक' नावाचा एक विभाग निघाला आहे. त्यात उंचीच्या मानाने वजनाला कमाल मर्यादा असते, म्हणजे नुसत्या आकाराच्या शर्यतीला थोडी खीळ बसते. पाणी तोडण्याला मात्र तिने खीळ बसत नाही, उलट काटा गाठण्यासाठी ते अधिकच तोडले जाण्याचा संभव आहे.

एका तालुक्याच्या गावी आम्ही ६० किलोच्या गटाला पंच होतो. एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा, सुतारकाम करणारा, सर्वांत रेखीव होता. पाठीवर जणू नकाशा काढलेला. शेवटच्या पवित्र्यात, पोट आणि मांडी दाखविताना, त्याच्या मांडीत गोळा आला. चेहऱ्यावरचे हसू त्याने तसेच ठेवले आणि पवित्रा सोडला नाही. निकाल झाल्यावर आम्ही पडद्यामागे गेलो तेव्हा तो चटईवर आडवा होता आणि दोन मित्र त्याचे पाय चोळीत होते. शेवटचे पाणी कधी प्यालास, म्हणून विचारले. "काल सकाळी, सर," तो म्हणाला. कोणीतरी मीठ-साखरेचे पाणी चमच्याने त्याच्या तोंडात घालीत होते आणि शेजारी त्याचा करंडक उभा होता. आम्ही त्याला १ क्रमांक दिला होता. सातांपैकी सहा पंचांनी तोच दिला होता, आणि नियमाने तो अगदी बरोबर होता.