ताशी 605 किलोमीटर, तेही दुचाकीवर!

मंडळी, मानकोली नाक्यावरून नाशिक हायवेला लागलं की ताशी 80 वरच शर्टाचा फुगा होतो. आता 605 ची कल्पना करा!

25 सप्टेंबर 2010 रोजी अमेरिकेत बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर रॉकी रॉबिन्सनने ‘ॲक अटॅक’ या दुचाकीवर ताशी 605.697 किलोमीटरचा विक्रम केला. लांबट कवचात हायाबुसाची दोन टर्बो इंजिनं आणि थांबायला पॅराशूट!

🏁 विक्रम एका धावेत होत नाही. ठरलेल्या वेळेत उलट दिशेनेही धावायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची. म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा मिळत नाही.

💨 खरी झुंज हवेशी. वेग दुप्पट केला की हवा कापायला आठपट ताकद लागते. म्हणूनच बर्ट मन्रो यांनी 1920 च्या ‘इंडियन स्काउट’ मोटरसायकलला हाताने घडवलेलं कवच चढवलं आणि 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, 1000 सीसीखालच्या गटात विक्रम केला.

🇮🇳 2018 मध्ये आपली रॉयल एनफिल्ड 650 बॉनविलवर ताशी 250 च्या पुढे गेली. चालवणारी कायला रिवास तेव्हा फक्त 18 वर्षांची होती!

कळकळीची विनंती: वेगाची हौस बंद ट्रॅकवरच भागवा. भिवंडीच्या कंटेनरांच्या गर्दीत नको.