मोटारसायकलचे हँडल व स्वाराची बैठक

मोटारसायकल विकत घेताना मनुष्य एंजिनची ताकद विचारतो, पेट्रोलचा खर्च विचारतो, रंगही पारखून घेतो. पण हँडलवर आपले हात कसे पडतात, हे सहसा पाहत नाही. मग दीडदोनशे किलोमीटरचा प्रवास झाला की मनगटे भरून येतात, करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते, आणि दोष रस्त्याला, नाहीतर वयाला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा दोष हँडलचा असतो.

स्वाराचा भार सीट, फूटरेस्ट आणि हँडल या तीन ठिकाणी वाटला जातो. हँडल खाली व पुढे असले की धड वाकते आणि छातीखांद्यांचे वजन तळहातांवर येते. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने जाणारी नस दबते, म्हणून बोटे बधिर होतात. मग हँडल इतके खाली ठेवण्याची रीत आली कोठून? ती शर्यतीतून आली. भरधाव वेगात समोरचा वारा वाकलेल्या छातीला उचलून धरतो व मनगटे हलकी होतात. १९५० नंतरच्या काळात लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या तरुणांनी हे रूप आपल्या रोजच्या गाड्यांना दिले. दिसायला ते झोकदार, यात शंका नाही. पण पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून तीसच्या वेगाने जाताना वारा काही मदतीला येत नाही.

रॉयल एन्फील्डने २०१८ साली आणलेल्या दोन गाड्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. इंटरसेप्टर आणि काँटिनेंटल जीटी यांचे एंजिन एकच, ६४८ सीसीचे. परंतु पहिलीचे हँडल उंच, रुंद व अखंड. दुसरीचे दोन सुटे तुकडे फोर्कला आवळलेले, फूटरेस्टही मागे. तोच मनुष्य एकीवर ताठ बसतो, दुसरीवर ओणवा.

यावरून जितके उंच तितके सुखाचे, असे मात्र समजू नये. अगदी ताठ बसणाऱ्याच्या छातीवर हमरस्त्यावर वारा आदळतो, हँडल धरून ठेवतानाच दंड दुखतात आणि खड्ड्याचा हादरा सरळ मणक्यात जातो. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल आणि मनगट सरळ, एवढे साधले की पुरे. त्याला बहुधा इंच-दीड इंचाचाच फरक लागतो. म्हणून आम्ही म्हणू, की अखंड हँडल असेल तर आधी त्याचे क्लँप सैल करून ते थोडे मागे फिरवून पाहावे व लिव्हर पुढच्या हाताच्या रेषेत आणावेत. याला पैसा लागत नाही.

तेवढ्याने भागले नाही, तर नवे हँडल. नळीचा व्यास क्लँपशी जुळलाच पाहिजे. २२ मिलिमीटरचे हँडल एक इंचाच्या क्लँपमध्ये कधी बसवू नये. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घालते. तेव्हा आधी आरटीओत विचारावे आणि उत्पादकाने त्याच गाडीसाठी दिलेले हँडल मिळत असेल तर तेच घ्यावे.

खरा धोका मात्र केबलींत आहे. हँडल वर गेले की जुन्या केबली अपुऱ्या पडतात, आणि हे गाडी सरळ उभी असताना दिसत नाही. क्लचची केबल ताणली तर क्लच घसरू लागतो. ॲक्सिलरेटरची ताणली, तर वळणावर हात न लावता एंजिन रेस होते, आणि तेही नेमके गर्दीत गाडी वळवताना! यासाठी गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. एंजिनचा आवाज जराही चढता कामा नये, आणि मूठ व पेट्रोलची टाकी यांत बोटे चेंगरता कामा नयेत. पुढच्या डिस्क ब्रेकचा पाइप ताणलेला दिसला तर लांब पाइप घालावा, आत शिरलेली हवा काढून टाकावी व ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलेच ओतावे. उघडी राहिलेली बाटली हवेतला ओलावा शोषून घेते. लिव्हर दाबल्यावर हाताला घट्ट लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.