लायसिनच्या वाटेवरचे पेनिसिलिन

सकाळी तुम्ही खाल्लेल्या पोळीतील पिष्टाचे ग्लुकोज होते. ग्लुकोजचे पायरुव्हिक आम्ल होते. आणि जोरात धावताना स्नायूंत त्याचेच लॅक्टिक आम्ल होऊ लागते. शरीरातील या सतत चालणाऱ्या घडामोडीला म्हणतात चयापचय, आणि तीत तयार होणाऱ्या या लहानलहान पदार्थांना म्हणतात मेटाबोलाइट. पेशीत ते फार वेळ पडून राहत नाहीत. एकाचे दुसरे करणारे विकर जवळ टपलेलेच असते.

हीच घडामोड एखाद्या बुरशीत पाहायची, तर पिंपरीची आठवण काढायला हवी. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलिसाला पेनिसिलिन टोचले. त्याला उतार पडू लागला. पण पेनिसिलिन शरीरात टिकत नाही. बरेचसे जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते. डॉक्टरांनी लघवीतून ते परत काढले, पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. बिचारा दगावला. हे औषध टाक्या भरभरूनच बनवायला हवे होते. आपल्याकडे त्यासाठी पिंपरीला १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी मदत केली, आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागले.

ते बनवते पेनिसिलियम नावाची बुरशी. तिच्या पेशीतही ग्लुकोजचे पायरुव्हिक आम्लच होते, अगदी तुमच्यासारखे! प्रथिनांसाठी तिला लायसिन हे ॲमिनो आम्ल लागते. ते ती स्वतः तयार करते. आपल्याला ते जमत नाही. आपण डाळी, दूध यांतून घेतो. लायसिन बनवताना बुरशीला वाटेत ॲमिनोॲडिपिक आम्ल ही पायरी लागते. गंमत अशी, की आपले शरीर लायसिन मोडते तेव्हाही हीच पायरी लागते. बुरशी जिना चढते, आपण उतरतो.

टाकीतील साखर सरत आली व वाढ मंदावली, की बुरशी या पायरीवरून आडवाटेला वळते. ॲमिनोॲडिपिक आम्लाला सिस्टीन आणि व्हॅलीन ही दोन ॲमिनो आम्ले जोडते, आणि त्यातून पेनिसिलिनचा सांगाडा उभा राहतो. वाढीसाठी तिला पेनिसिलिन लागत नाही, म्हणून अशा पदार्थाला ‘दुय्यम’ मेटाबोलाइट म्हणतात. नाव काही न्यायाचे नाही!

आता सांगा पाहू, टाकीत वरून लायसिन घातले तर पेनिसिलिन वाढेल की घटेल? घटते! लायसिन भरपूर दिसले, की पेशी त्या वाटेवरचे पहिलेच विकर थांबवते. मग मधली पायरी तरी कोठून येणार? सोबत ॲमिनोॲडिपिक आम्ल घातले, तर पेनिसिलिन पुन्हा बनू लागते. शास्त्रज्ञांना आडवाटेचे तोंड सापडले ते अशा प्रयोगांमुळेच.

पिंपरीच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिस जातीचे एक सूक्ष्मजंतूही सापडले. त्याला नाव मिळाले ‘पिंप्रिना’. त्याच्यापासून १९६० च्या सुमारास वेगळा केलेला एक मेटाबोलाइट आजही रसायनशास्त्रात ‘पिंप्रिनीन’ म्हणून ओळखला जातो. त्यात इंडोल नावाचे वलय आहे. तेच वलय आपल्या आहारातील ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लात आहे, आणि ट्रिप्टोफॅनपासून आपल्या मेंदूत बनणाऱ्या सेरोटोनिनमध्येही आहे.