एकाच गणातील दोन ऑक्साइडे: एक वायू, दुसरी वाळू

‘सहसंयुज संयुगांचे द्रवणांक कमी असतात.’ शाळेत पाठ केलेले हे वाक्य पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी जसेच्या तसे येते आणि गुण देताना माझा हात थबकतो. वाक्य अर्धेच खरे आहे. त्यावर विसंबलात, तर सिलिकाच्या विटा भट्टीला आतून का लावतात हे कधीच कळणार नाही.

कार्बन आणि सिलिकॉन आवर्तसारणीत गण १४ मध्ये एकाखाली एक आहेत. दोघांच्याही बाह्यतम कवचात चार इलेक्ट्रॉन. दोघांचीही डायऑक्साइडे सहसंयुज (सिलिकॉन-ऑक्सिजन बंध बराच ध्रुवीय आहे, पण तो मुद्दा आज बाजूला ठेवू). तरीही कार्बन डायऑक्साइडचा बर्फ उणे ७८ अंश सेल्सिअसलाच थेट वायू होतो, तर वाळूतील क्वार्ट्‌झ वितळवायला सुमारे १७०० अंश लागतात.

वर्गात विचारले, की उत्तर येते: ‘सिलिकॉनचे बंध मजबूत असणार.’ आकडे उलटे सांगतात. कार्बन डायऑक्साइडमधील एक द्विबंध तोडायला मोलमागे सुमारे ८०० किलोज्यूल लागतात. सिलिकॉन-ऑक्सिजन एकेरी बंधाला सुमारे ४५०.

मग प्रश्न असा विचारा: तापवल्यावर नेमके काय तुटते? कार्बन डायऑक्साइडच्या बर्फात सुटे रेणू एकमेकांशेजारी रचलेले असतात. त्यांच्यातील ओढ क्षीण असते. मोलमागे जेमतेम २५ किलोज्यूल दिले की ते विखुरतात. रेणूच्या आतला एकही बंध तुटत नाही. क्वार्ट्‌झमध्ये सुटा रेणूच नाही. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर, आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये वाटलेला. चार अर्धे म्हणजे दोन, म्हणून सूत्रात एकास दोन हे प्रमाण येते. ‘सिलिकाचा रेणू’ असे कृपया लिहू नका. हे जाळे वितळवायचे, तर सहसंयुज बंधच तोडावे लागतात.

सिलिकॉन हा मार्ग का धरतो? द्विबंधासाठी पी-कक्षकांचे बाजूने अतिव्यापन व्हावे लागते. सिलिकॉनचा अणू मोठा, बंध लांब. त्यामुळे हे अतिव्यापन तोकडे पडते. दोन द्विबंधांपेक्षा चार एकेरी बंध केल्याने त्याची ऊर्जा अधिक कमी होते. लहान कार्बनचा हिशेब याच्या उलट.

तो हिशेब दाबाने फिरवताही येतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुमारे ४० गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ चार लाख पट दाबाखाली कार्बन डायऑक्साइड लेसरने तापवला. द्विबंध मोडून एकेरी बंधांचे, क्वार्ट्‌झसारखे घन जाळे तयार झाले. दाब पुरता उतरवला की मात्र त्याचा पुन्हा साधा कार्बन डायऑक्साइड होतो.