‘जरासे घासले’ म्हणून सोडू नका



आपल्या वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. आपल्याला विमान दिसते ते आभाळातच. सोयाबीन सोंगताना कंबर सरळ करायला उभे राहिले की पांढरी रेघ ओढत जाणारे. तेव्हा विमानाच्या अपघाताबद्दल आज मी का लिहितो आहे, असे आपल्याला वाटेल. मी काही विमानाचा इंजिनिअर नव्हे, माझी पदवी शेतीची. पण हे अपघात आभाळातले नाहीत. विमान जमिनीवर, आपल्या जागी गुपचूप उभे असते आणि ट्रक, टेम्पो नाही तर ट्रॅक्टर येऊन त्याला धडकतो. ट्रॅक्टर म्हटल्यावर विषय आपल्या वाड्यात आला की नाही?

१४ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विमानतळावर अकासा एअर कंपनीचे विमान बेंगळुरूहून येऊन उभे होते. मालाची ने-आण करणारा एक ट्रक आला आणि त्याच्या पंखाला लागला. ट्रक विमान कंपनीचा नव्हता, सामान हाताळण्याचे काम घेतलेल्या दुसऱ्या कंपनीचा होता. जीवितहानी झाली नाही, पण कोट्यवधींचे यंत्र तपासणीसाठी अडकून पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेंगळुरूला एक टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या विमानाच्या नाकाखाली घुसला आणि त्याचे छप्पर चेपले. चालकाला डुलकी लागली असावी, असे बातम्यांत आले. डिसेंबर २०१५ मध्ये कोलकात्याला पहाटेच्या वेळी एक रिकामी बस उभ्या विमानावर गेली, तेव्हाही झोपेचेच कारण पुढे आले होते. पुण्याला मे २०२४ मध्ये उलटे झाले. सुमारे १८० प्रवासी घेऊन धावपट्टीकडे निघालेले विमानच सामानाच्या ट्रॅक्टरला धडकले. सगळे सुखरूप उतरले.

विमान उतरले की त्याच्याभोवती आपल्या हंगामातल्या खळ्यासारखी गर्दी होते. सामानाच्या चार-पाच ट्रॉल्या एकामागे एक जोडून ओढणारा ट्रॅक्टर, डिझेलचा टँकर, जेवणाची गाडी, पाण्याची गाडी, चढण्या-उतरण्याच्या शिड्या. सगळ्यांना घाई, कारण विमान पुन्हा उडवायचे असते. तिथे गाडी चालवायला आपला नेहमीचा परवाना पुरत नाही, विमानतळाचा वेगळा घ्यावा लागतो. विमान थांबले की चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात, पंखांच्या टोकांखाली रंगीत शंकू ठेवतात, वेगावर मर्यादा असते आणि विमानाच्या दिशेने गाडी मागे घ्यायची तर मागे इशारा करणारा माणूस उभा राहतो. एवढे करूनही धडका होतात. जमिनीवर विमानांचे होणारे नुकसान २०३५ पर्यंत दुपटीने वाढून वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरवर जाईल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने २०२२ मध्ये दिला.

आता आपल्या खळ्याकडे पाहा. आपल्याकडे शंकू नाहीत, इशारा करणारा माणूस नाही आणि उभ्या वस्तूंत बैल, म्हातारी माणसे व खेळणारी लेकरे असतात. ट्रॉली मागे घेताना चालकाला तिच्या मागचे काहीच दिसत नाही. त्यातून टेपरेकॉर्डर गेला तर मोबाईलचा गाण्यांचा खोका आला, म्हणजे मागून कोणी ओरडले तरी ऐकू यायचे नाही. कुटार भरलेली ट्रॉली किती उंच झाली हे खाली पाहणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. मुंबईत विमानाचा पंख होता, आपल्याकडे विजेची तार असते. आणि झोपेचे म्हणाल तर दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांत मळणीयंत्रावरची पोरे सलग तीन-तीन रात्री जागतात, हे मी डोळ्यांनी पाहतो. मालक म्हणतो, पावसाचे ढग आहेत, आज उरकून घ्या. त्याचेही चूक नसते.

पण मला आज जास्त सांगायचे आहे ते धडकेनंतरचे.

२६ डिसेंबर २००५ ची गोष्ट. अमेरिकेत सिॲटल विमानतळावर अलास्का एअरलाइन्सचे विमान उभे होते. सामान हाताळणाऱ्या कामगाराचे वाहन त्याला घासले. पत्र्यावर एक दुमड पडली. त्याला वाटले असेल, एवढ्याशाने काय होते. त्याने लगेच कोणाला सांगितले नाही. विमान माणसे घेऊन उडाले. सुमारे २६ हजार फुटांवर गेल्यावर, आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झाला तेव्हा, तो दुमडलेला पत्रा फाटला आणि जवळजवळ फूटभर लांब व अर्धा फूट रुंद भोक पडले. आतला दाब गेला, प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबू लागले. वैमानिकाने विमान झपाट्याने खाली आणून परत सिॲटलला उतरवले. सगळे वाचले. धडक झाली तेव्हा कोणी सांगितले असते तर विमान बाजूला घेऊन पत्रा दुरुस्त झाला असता, एवढेच.

त्या विमानाच्या पत्र्यावर निदान दुमड तरी दिसत होती. आजच्या काही नव्या विमानांचे अंग पत्र्याऐवजी कार्बनच्या धाग्यांचे थर डिंकासारख्या रसायनाने जोडून केलेले असते. त्याला ठोकर बसली तर वरून काही दिसेलच असे नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. हे ऐकून मला आपले सोयाबीनचे बियाणेच आठवले. पोते ट्रॉलीवरून धाडकन खाली टाकले तर दाणा वरून तसाच पिवळा, चकचकीत. पण त्याचे टरफल पातळ, आतल्या अंकुराला मार बसतो आणि पेरल्यावर उगवत नाही. म्हणून बियाण्याची मळणी मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर करा, पोते उंचावरून आपटू नका आणि घरच्या घरी १०० दाणे उगवून पाहा, ७० तरी उगवले पाहिजेत, असे आम्ही दर वर्षी सांगतो. डोळ्याला न दिसणारी इजा शोधण्याचा तो सोपा मार्ग आहे.

मालेगाव तालुक्यातल्या एका घरी हे प्रत्यक्ष घडले. नाव-गाव सांगत नाही, माणसे ओळखीची आहेत. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा रात्री ट्रॉली मागे घेत असताना ती तिरपी वळली आणि तिची दांडी गोठ्याच्या दगडी कोपऱ्याला लागली. त्याने उतरून पाहिले, रंग गेला होता, बाकी काही नाही. वडील कडक स्वभावाचे, आदल्या वर्षी दिवा फुटला म्हणून चार लोकांत बोलले होते. पोरगा गप्प राहिला. आठ-दहा दिवसांनी सोयाबीनची पोती भरून ट्रॉली बाजाराला निघाली. पोत्यांवर त्याची आई आणि चुलती बसलेल्या. (ट्रॉलीत माणसे बसवू नयेत, हे मी सांगतो आणि लोक ऐकून घेतात.) चढावर हुकाजवळचे वेल्डिंग सुटले. ट्रॉली मागे घरंगळत नाल्याच्या कडेला आडवी झाली. चुलतीला खरचटले, आईचा पाय मोडला. दोन महिने त्या बाई खाटेवर होत्या आणि तुरीचा हंगाम त्यांच्याविना गेला.

मी भेटायला गेलो तेव्हा मुलगा ओसरीवर खाली मान घालून बसला होता. वडिलांना अजून माहीत नव्हते. माझ्यासमोरच तो म्हणाला, “बाबा, दांडीले आधीच लागलं होतं. मी सांगतलं नाही.” वडील एकदम उठले. मला वाटले, आता हात उचलतात. पण बाईच खाटेवरून म्हणाल्या, “त्यानं सांगावं असं आपण बोललो का कधी त्याच्यासंग?” घरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

मला त्या मुलाला रागावण्याचा अधिकार नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी आणलेले पेरणीयंत्र मी जीप मागे घेताना ठोकले होते. एक नळी किंचित वाकली. मी ती हाताने सरळ केली आणि कोणाला सांगितले नाही. पंधरा दिवसांनी त्या शेतकऱ्याच्या वावरात दर फेऱ्याला एक तास मोकळे दिसू लागले. ते त्याने बियाण्याच्या माथी मारले आणि मी मारू दिले.

विमान चालवणाऱ्या चांगल्या कंपन्यांत आता अशी रीत पाडतात की, विमानाला काही लागले, नुसते घासले तरी काम तिथेच थांबवायचे आणि लगेच सांगायचे. चुकून लागले आणि सांगितले तर शिक्षा नाही, लपवले तर मात्र गय नाही. आपल्याकडे बहुधा उलटे असते. सांगणारा शिव्या खातो आणि लपवणारा जेवून झोपतो.

मागच्या हंगामात त्या घरी पुन्हा गेलो होतो. आता ट्रॉली मागे घेताना धाकटी मुलगी बॅटरी घेऊन बाजूला, चालकाला दिसेल अशी उभी राहते. ती दिसेनाशी झाली की भाऊ ब्रेक मारतो. ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेकच्या पॅडलांची कडी रस्त्यावर जाताना जोडलेली असते आणि उभ्या ट्रॉलीच्या चाकाला दगड लावलेला असतो. रात्री आम्ही जेवायला बसलो. वडिलांनी भाकरी मोडता मोडता नेहमीचे असल्यासारखे विचारले, “आज कुठं काही लागलं का रे?”

“हो बाबा. मागं घेताना मेढीले लागली जराकशी.”

त्यांनी ताट सरकवले, खुंटीवरची बॅटरी घेतली आणि अनवाणीच ट्रॉलीकडे गेले. मीही हात धुऊन त्यांच्या मागे गेलो.