‘कन्जुल उम्माल’ आणि बऱ्हाणपूरचे अली मुत्तकी

मूळ वचन, त्यावरील अट्ठकथा आणि अट्ठकथेवरील टीका ही उतरंड पाली वाङ्मयाच्या वाचकास परिचित आहे. हदीस, म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्या उक्ती व कृती यांच्या नोंदी, यांचे वाङ्मयही असेच थराथराने वाढले. बुखारी (मृत्यू 870) व मुस्लिम (मृत्यू 875) यांनी निवडक नोंदींचे संग्रह सिद्ध केले. पुढे त्यांवर ‘शरह’, म्हणजे भाष्ये, झाली. बुखारींच्या संग्रहावरील कैरोच्या इब्न हजर (मृत्यू 1449) यांची ‘फतहुल बारी’ ही त्यांतील विशेष मान्यतेची.

या परंपरेतील एक मोठे नाव आपल्या वऱ्हाडाच्या शेजारचे आहे. अली मुत्तकी यांचा जन्म पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फारुकी सुलतानांच्या बऱ्हाणपुरात झाला. 1567 साली ते मक्केत वारले. त्यांच्यापूर्वी कैरोच्या सुयूती (मृत्यू 1505) यांनी सर्व हदीस एकत्र करण्याचा संकल्प केला होता. परंतु तो संग्रह उक्तींच्या अक्षरानुक्रमाने व निवेदकांच्या नावांनी लावलेला असल्याने विषय घेऊन शोधणाऱ्यास दुर्गम होता. मुत्तकींनी तो विषयवार लावून ‘कन्जुल उम्माल’ रचला. आधुनिक आवृत्तीच्या गणनेप्रमाणे त्यात 46 हजारांहून अधिक नोंदी आहेत. हैदराबादच्या ‘दाइरतुल मआरिफ’ने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला.

संग्रहात आढळले म्हणजे वचन प्रमाण ठरले, असे मात्र नव्हे. चार महापदेस ऐकलेले वचन सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावयास सांगतात. हदीस-परीक्षक प्रथम ‘सनद’ तपासतो. कोणी कोणाकडून ऐकले, त्यांची भेट शक्य होती काय, निवेदक विश्वसनीय होता काय, हे त्याचे प्रश्न. ‘कन्ज’मध्ये प्रत्येक नोंदीस मूळ ग्रंथाची सांकेतिक खूण असते. उकैली, इब्न अदी आदींच्या ग्रंथांची खूण हीच नोंदीच्या दुर्बलतेची सूचना समजावी, असे सुयूतींनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. ज्ञान चीनमध्ये असले तरी मिळवावे, या आशयाच्या सुप्रसिद्ध वचनापुढे नेमक्या याच खुणा आहेत. इब्नुल जौझी (मृत्यू 1201) यांनी तर ते बनावट हदीसांत गणले होते. व्यासपीठावरील वक्ते हे ध्यानात घेत नाहीत, हा भाग निराळा!

बनावट हदीसांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो मुत्तकींच्याच शिष्याने, गुजरातेतील पाटणच्या मुहंमद ताहिर (मृत्यू 1578) यांनी. हदीसांतील दुर्बोध शब्दांचा ‘मज्मउ बिहारिल अन्वार’ हा कोशही त्यांचाच; अभ्यासकास तो आजही उपयोगी पडतो.